कोणी येऊ नका हो

"नाई म्हनजे नाई, सरपंचसाहेब! मी खोटं बोलनार नाई."

"अरे, तुले खोटं बोल म्हनून कोन सांगून राहिलं? फक्त 'येऊ नका' म्हन."

"आनि लोकं आले पायजे?"

"हो."

"मंग ते खोटंच झालं ना जी!"

"खोटं नाई, गोमाजी. त्याले धोरण म्हनते."

धोरण हा शब्द सरपंच पुंडलिकराव भंडाऱ्याच्या एका बैठकीत नुकतेच शिकून आले होते आणि वापरायला माणूस शोधत होते. सापडला गोमाजी कोतवाल. तो ग्रामपंचायतीच्या ओट्याखाली उभा होता, काखेत डफडं, कपाळाला आठ्या. ओट्यावर एकुलत्या धड खुर्चीत नर्स शकुंतलाबाई बसल्या होत्या. लसीचा बर्फाचा डबा त्यांनी दोन्ही पायांत घट्ट धरला होता, कोणी पळवून नेईल अशा बेतानं. खरं तर कोणी पळवून नेला असता तर बाईंनी पेढे वाटले असते. सालईटोल्यात त्या डब्याचं झाकण आजवर एकदाही उघडलं नव्हतं.

"बाई, तुमी तरी सांगा," गोमाजी म्हणाला. "लस चांगली का वाईट?"

"चांगली."

"मंग चांगली हाय म्हनूनच सांगू द्या ना मले."

"मागच्या खेपेस तेच सांगितलं होतं ना? कोण आलं?"

गोमाजी डफड्याची दोरी चाचपू लागला.

"एक बकरी आली होती," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तीसुद्धा शाळेत रोजच येते म्हणे."

हे सन चौऱ्याऐंशीचं भाद्रपदातलं बोलणं. पण गोमाजीच्या शब्दावर बकरीखेरीज कोणी का येत नाही, हे समजायचं तर आठ वर्षं मागं जावं लागेल.

सालईटोला म्हणजे आंबागडच्या पायथ्याचं, धानाच्या बांध्यांत बसलेलं गाव. किल्ला वर, गाव खाली आणि सरकार तुमसरच्याही पलीकडे कुठंतरी. सरकारचं तोंड गावात यायचं ते गोमाजीच्या तोंडानं. गळा असा की तो चौकात बोलला की बोडीतले, म्हणजे गावच्या लहान तळ्यातले, बगळे उडत. डफडं वाजवायची त्याला गरज नव्हती, नियम होता म्हणून वाजवायचा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावाची दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाटक, उभी राहायची, तेव्हा राजाच्या दरबारातला भालदार ठरलेला: गोमाजी. राजा कोणीही असो, लोक भालदाराची हाक ऐकायला येत.

मग सन शहात्तर उजाडलं. कुठलेसे साहेब जीपमधून आले आणि म्हणाले, कोतवाल, दवंडी दे. डोळ्यांचं शिबिर आहे. तपासणी फुकट, चष्मा फुकट, ट्रकनं नेऊ, ट्रकनं आणू. गोमाजीला त्यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. त्या दिवसांत त्याला तसं फारसं काहीच दिसत नव्हतं, म्हणून तर ट्रकमध्ये सगळ्यांच्या आधी तोच चढला.

दिवस मावळताना ट्रक परत आला. माणसं उतरली ती धोतर सावरत, पाय फाकवून, दिवसभर चिखलात रोवणी केल्यासारखी. प्रत्येकाच्या खांद्यावर हिरव्या काठाची कोरी चादर. चष्मा एकाच्याही नाकावर नव्हता. साहेबांना डोळेच तपासायचे होते, हात जरा खाली गेला एवढंच.

सरकारला शिव्या द्यायच्या तर सरकार गावात असावं लागतं. गावात होता गोमाजी. त्यालाही त्याच टेबलावर, त्याच कात्रीनं कापलं होतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी गावाचं मत पडलं की कोतवालाला जास्त मिळालं असणार. काय जास्त मिळालं, हे कोणाला सांगता येईना, कारण जे गेलं ते सगळ्यांचं सारखंच गेलं होतं. पण मत एकदा पडलं की पडलं.

आणि मग सालईटोल्यात एक रिवाज सुरू झाला, जो आजूबाजूच्या दहा गावांत शोधून सापडणार नाही. गोमाजीची दवंडी आली की गाव नीट कान देऊन ऐके आणि बरोबर उलटं करी. तलावाचं पाणी गुरुवारी सोडणार, अशी दवंडी झाली की बुधवारी सगळे फावडी घेऊन बांधावर हजर. रेशनच्या दुकानात साखर आली, असं तो ओरडला की दुकानाकडं कोणी फिरकत नसे. साखर मागच्या दारानं काळ्या बाजारात जाई आणि दुकानदार देवाजवळ गोमाजीच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करी.

एकदा त्यानं दवंडी दिली, जंगलात अस्वल आहे, काड्या तोडायला जाऊ नका. बाया लगेच निघाल्या. अस्वल भेटलं. सुंदरबाई नावाची एक दांडगी बाई विळा तिथंच टाकून पळत आली ती थेट गोमाजीच्या अंगणात.

"काहून रे मुडद्या, अस्वल हाय म्हनून सांगतलं नाई?"

"सांगतलं ना वो, काकी! गळा फाडून सांगतलं!"

"तसं सांगाचं असते का? तुह्या सांगन्यावर कोनी जंगलात जाते का, थांबते का, ठावं नाई तुले? धड खोटंही बोलता येत नाई!"

दंडारीतली भालदारकी त्याच वर्षी गेली. गावात तेजराम म्हणून दंडारीचा कारभारी होता. त्यानं गोमाजीला चोराचं सोंग दिलं. "तोंड शोभते," एवढंच म्हणाला.

गोमाजीनं हे सगळं गिळलं. बायको कुंताबाई वारली, मुलगा केवळराम तुमसरच्या राईस मिलमध्ये हमालीला लागला, आठवड्याला घरी येई. घरात सून बेबी आणि नात इमला, वर्षाचीही नव्हती अजून. शिबिरातली ती हिरव्या काठाची चादर गोमाजीनं कधी अंगावर घेतली नव्हती. बेबीनं तिची झोळी बांधली. सरकारनं गोमाजीची पोरं बंद केली त्या मोबदल्यात मिळालेल्या चादरीत आता गोमाजीची नात झोपायची. सरकारी वस्तू इतकी कामी आल्याचं उदाहरण तालुक्यात दुसरं नसेल.

पण चौऱ्याऐंशीच्या त्या भाद्रपदात पलीकडच्या टोल्यात, म्हणजे वाडीत, डांग्या खोकला शिरला. लेकरं खोकून खोकून निळी पडत. एक गेलं, मग दुसरं गेलं. गोमाजी कोतवाल असल्यामुळं मयतीची खबर त्याच्याकडंच आली. त्यानं ते दुसरं लेकरू पाहिलं. इमलाएवढंच होतं.

त्या दिवशी घरी येऊन तो सुनेशी बोलला. म्हणजे बोलला इमलाशी. सासऱ्याशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरची चाल. बेबी दाराआड उभी राही आणि जे सांगायचं ते लेकराला सांगे. गोमाजीही लेकरालाच उत्तर देई. झोळीतल्या पोरीला तोंडातलं बोट काढायला सवड नसे आणि तिच्या अंगावरून सगळ्या घराचा कारभार चाले.

"इमे, सांग तुह्या मायले," गोमाजी झोळीला झोका देत म्हणाला. "शाळेत लस येनार हाय. टोचून घ्या लागते."

"इमे, सांग तुह्या आज्याले," दाराआडून उत्तर आलं. "नाई टोचाची."

"विचार बरं काहून ते?"

"सांग, तुह्या आज्यानं एकदा सारं गाव डोळे तपासाले नेलं होतं. ते आता घरातल्या लेकरापाशी आले का म्हनाव?"

"इमे, तिले म्हनाव ते अलग होतं!"

"सांग, तवाही अलगच म्हने."

"लेकरं मरून राहिले म्हनाव, बाई!"

"म्हनूनच म्हनते. मरन्याच्या दिवसांत सरकारच्या हातात लेकरू कोन देते?"

इमलानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि झोळीत मुतली. बोलणं तिथं संपलं.

म्हणून तर दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी "नाई म्हनजे नाई" म्हणणारा गोमाजी डफडं दुसऱ्या काखेत घेत हळूच म्हणाला, "एवढ्याच बारीनं. पुन्हा नाई."

"पुन्हा कशाले लागते!" पुंडलिकराव म्हणाले.

"लस तीनदा टोचायची असते," शकुंतलाबाई म्हणाल्या. "दर महिन्याला एक."

"बाई, ते आत्ताच कोनाले सांगू नका."

"आणि टोचल्यावर ताप येतो एक दिवस. तो तरी सांगायला पाहिजे."

"तो तं बिलकूलच सांगू नका!"

अशा रीतीनं धोरण ठरलं.

गोमाजी चौकात गेला. डफडं वाजवलं. बोडीतले बगळे उडाले.

"आयका हो आयका! उद्या शाळेत लेकरांले लस टोचनार हायेत! लस थोडीच हाय, बाहेरगावच्या लेकरांसाठी हाय! सालईटोल्याच्या कोनी येऊ नका हो! कोनी येऊ नका!"

आपलं कधी काळचं भालदाराचं सोंग आठवून त्यानं शेवटचं "येऊ नका" जरा लांबवलंही. शेवटी तो नटच.

दारं उघडली. सुंदरबाई उंबऱ्यावर आली. "आयकलं का? आपल्याले नको म्हनते! म्हनजे चांगलंच काई असन."

"कुठच्या बाहेरगावच्या लेकरांसाठी?" तेजराम ओट्यावरून ओरडला. "आमचे लेकरं काय मोहाच्या झाडाले लागले?"

दुसऱ्या दिवशी शाळेपुढं जत्रा. काखेतली, पाठीवरची, बोटाला धरलेली, सगळी लेकरं हजर. पुंडलिकराव दारात काठी घेऊन उभे, "लस नाई, जा ना गा घरी!" असं ओरडत. जितके जोरानं ते अडवत तितक्या जोरानं बाया आत घुसत. पुंडलिकरावांना हे सोंग इतकं आवडलं की गर्दी संपल्यावरही ते थोडा वेळ रिकाम्या दाराला अडवत होते.

शकुंतलाबाईंनी टोचलेल्या लेकरांच्या तोंडी लावायला गुळाची ढेप फोडून आणली होती. सुई टोचली की लेकरू भोकाड पसरे, की आई त्याच्या ओठाला गुळाचा खडा लावी, की भोकाड बंद. ढेप दुपारच्या आत संपली. "पुढच्या महिन्यात येताना आपापला गूळ पदराला बांधून आणा गं," बाई सांगत होत्या. ते सगळ्यांनी ऐकलं. तापाबद्दल बाई काही बोलणार, तोच पुंडलिकराव खोकले.

रांगेत मध्येच बेबी होती. इमलाला टोचलं तेव्हा गोमाजी खिडकीबाहेर उभा होता. पोरगी रडली, गूळ चाटला, हसली. गोमाजीला वाटलं, एक खोटं बोललो, पण सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव तापलं. लेकरांची अंगं गरम, मांड्यांना गाठी, रात्रभर कोणी झोपलं नव्हतं. गोमाजीला बाहेरून आवाज ऐकू आला, बऱ्याच पायांचा. त्यानं ओळखलं. आठ वर्षांपूर्वी ट्रक आल्यावर असेच पाय आले होते. तो अंगणात आला आणि आधीच हात जोडले.

"मले मारू नका गा, भाऊ हो. मी तं..."

"तुले कोन मारते?" तेजराम म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "तू तं सांगतलं होतं."

"काय सांगतलं होतं?"

"येऊ नका म्हनून!"

गोमाजीचा जबडा खाली आला.

"गळा फाडून सांगतलं बिचाऱ्यानं," सुंदरबाई पदर डोळ्याला लावत म्हणाली. "आमीच नाई आयकलं. आठ वर्सं झाले, आमी याले लबाड म्हनून राहिलो, आनि हा..."

"आता खरं तं असं हाय का..." गोमाजीनं तोंड उघडलं. तो सांगणार होता. अगदी ओठावर होतं. तेवढ्यात तेजरामनं कमरेचा बटवा सोडला, तंबाखू मळली, चुना झटकला आणि हात पुढं केला. आठ वर्षांत गोमाजीपुढं कोणी तंबाखूचा हात केला नव्हता. त्यानं चिमूट उचलली, ओठाखाली ठेवली. आता तोंडात तंबाखू असताना बोलणार कसं?

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ताप आला याची चर्चा गावात महिनाभर चालली. ताप गेला याची अर्ध्या दिवसात आटोपली.

तो महिना गोमाजीच्या आयुष्यातला सोन्याचा. रेशनवर रॉकेल आलं म्हटलं की गाव डबे घेऊन धावे. दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं. कोणाची गाय हरवली, गोमाजीला विचारा. पोरीला पाहायला पाहुणे येणार, गोमाजीला बसवा. पारावर त्याला जागा, पानाचं तबक फिरलं की त्यात त्याचा नंबर. आणि एका संध्याकाळी तेजराम घरी आला.

"गोमाजी, यंदाच्या मंडईले दंडारीत राजा तू."

"मी? राजा?"

"खरं बोलनारा मानूस पायजे त्या जागी. लोकं मानतेत."

गोमाजी राजाचं बोलणं पाठ करू लागला. सकाळी अंगणात, झोळीला झोका देत: "प्रजाजनहो, या सिंहासनाची शपथ, आमच्या मुखातून असत्य निघणार नाही!" इमला टाळ्या पिटी. दाराआडून बेबी म्हणे, "इमे, सांग आज्याले, राजे हो, भाकर थंडी होऊन राहिली." आता तिच्या आवाजात टोमणा कमी आणि कौतुक जास्त असे. गोमाजीला तेही कळे. आणि कळलं की तो भाकर घाईनं संपवून उठे.

मग हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीच्या सुमारास शकुंतलाबाई पुन्हा आल्या. तोच डबा, तीच खुर्ची.

"दुसरी खेप," त्या म्हणाल्या. "ही नाही टोचली तर पहिलीचा भरवसा नाही. आणि पलीकडच्या टोल्यात आणखी एक लेकरू आजारी आहे."

"काई चिंता नाई!" पुंडलिकराव मांडीवर हात मारून म्हणाले. "आता तं काम आनखीनच सोपं. लोकं गोमाजीचं आयकतेत. गोमाजी, या खेपेस 'या' म्हन. झालं!"

"आनि पुन्हा ताप येईन तं?"

"येईन तं येईन. मंग पाहू."

"मंग तुमी पाहाल, सायेब. मार मी खाईन."

"अरे, लस घेतल्यावर लोकांनी मारलं तरी लस काई परत निघत नाई!"

शकुंतलाबाईंनी डबा बाजूला सारला. त्या म्हणाल्या, "या वेळी ताप येतो हे आधीच सांगा. मागं आपण सांगितलं नाही, त्याचंच हे सगळं."

"सांगतलं तं येनार नाईत," पुंडलिकराव म्हणाले.

"आनि नाई सांगतलं तं तिसऱ्या खेपेस येनार नाईत," गोमाजी म्हणाला आणि डफडं उचलून चालू लागला.

चौकात तो उभा राहिला. वाजवायच्या आधीच माणसं दारात आली होती. आदरानं. पारावरची बोलणी थांबली. तेजराम विळा खाली ठेवून उभा राहिला. गोमाजीनं डफडं वाजवलं.

"आयका हो आयका! उद्या शाळेत दुसरी लस हाय. सारे लेकरं घेऊन या. टोचलं का ताप येते. मांडी सुजते. एक दिवस राहते आनि जाते. तो ताप वाईट नाई. लस लागू झाल्याची खून हाय. न घाबरता या हो!"

माना तेजरामकडं वळल्या. मग तेजराम म्हणाला, सावकाश, "गोमाजी. ताप येते हे तुले कोनी सांगतलं?"

"बाईनं."

"कवा?"

इथं गोमाजीला म्हणता आलं असतं: आत्ता, सकाळी. एक शब्द. राजाचा मुकुट डोक्यावर राहिला असता, तंबाखूचा हात पुढं येत राहिला असता. पण उद्या लेकरं पुन्हा तापणार, पुन्हा पाय अंगणात येणार, आणि तिसऱ्या खेपेला या गळ्याची किंमत पुन्हा त्या बकरीएवढी. आणि झोळीतली पोरगी एकच.

"मागच्याच खेपेस," तो म्हणाला. "टोचन्याच्या आदी."

"म्हनजे तुले ठावं होतं?"

"हो."

"म्हनून तू 'येऊ नका' म्हटलं?"

"नाई. तुमी यावं म्हनून 'येऊ नका' म्हटलं. माह्या सांगन्याच्या उलटं करता ना तुमी? म्हनून उलटं सांगतलं."

गाव हे वाक्य मनातल्या मनात सुलटं करू लागलं. काहींच्या ओठांची हालचाल दिसत होती. सगळ्यांत आधी सुंदरबाईला उमगलं.

"अगे माय! म्हनजे हा खोटं बोलला तवा आमी खरं समजलो, आनि आता खरं बोलून राहिला तं..."

"आता तरी कायवरून खरं बोलून राहिला?" मागून कोणी ओरडलं.

"होय ना! आता 'या' म्हनते, म्हनजे जायाचं का नाई?"

"'या' म्हटलं म्हनजे नाई जायाचं!"

"पन त्यानं तं सांगून टाकलं ना का उलटं सांगत होतो म्हनून. मंग आता सुलटं असन!"

"सुलटं असन तं मंग ते अस्वल?"

अस्वलाचा इथं काही संबंध नव्हता, पण सालईटोल्यात कोणतंही बोलणं अस्वलापाशी जाऊनच थांबे.

तेजरामनं विळा उचलला. "ते राजाचं सोंग आता दुसऱ्याले पाहू गा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तुले चोराचंच ठेवू. पाठ हाय तुह्यावालं."

गर्दी पांगली. पण या वेळी कोणी जंगलाकडं पळालं नाही आणि कोणी नाचत शाळेकडंही निघालं नाही. सालईटोल्याला पहिल्यांदाच समजेना की गोमाजीच्या दवंडीचं करायचं काय. आजवर विचार करायची वेळच आली नव्हती. उलटं करायला विचार लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं दार उघडं होतं आणि आत शकुंतलाबाई डबा पायांत धरून बसल्या होत्या. दारात पुंडलिकराव काठी न घेता उभे होते. काठीशिवाय उभं राहायचं कसं, हे त्यांना जमत नव्हतं. गोमाजी त्यांना लांबूनच पाहून घरी परतला. इमला झोळीत होती. बेबी चुलीपाशी.

तो झोळीजवळ बसला. "इमे," त्यानं सुरुवात केली, "सांग तुह्या मायले..."

"तिले काहून सांगता?" बेबी म्हणाली.

दाराआडून नव्हे. ती समोर आली होती. डोक्यावर पदर होता, पण डोळे सरळ गोमाजीवर होते. इतक्या वर्षांत गोमाजीनं आपल्या सुनेचा चेहरा असा पहिल्यांदाच पाहिला. तो उठून उभा राहिला, साहेब आल्यावर उभा राहतो तसा.

"मले सांगा, मामाजी. मी उभी हावो इथं. लेकराच्या आड कायले लपता?"

"मी कुठं लपून राहिलो..."

"साऱ्या गावाले खोटं सांगतलं ते सांगतलं. घरात तरी सांगाचं होतं ना मले, का ताप येईन म्हनून? रातभर मी तिले छातीशी धरून बसली. मले वाटलं पोरगी गेली. तुमी तिकडं भिंतीपलीकडं जागेच होते. खाकरून राहिले होते. मी आयकत होती. तुमाले ठावं होतं का उद्या ताप उतरन. एक शब्द नाई बोलले?"

गोमाजी खाली पाहू लागला. पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की गावाला फसवलं त्यापेक्षा हे मोठं होतं. गावाला धोरण म्हणून सांगता येतं. भिंतीपलीकडच्या पोरीला काय म्हणून सांगायचं?

"सांगतलं असतं तं गेली असती का तू?" त्यानं कसंबसं विचारलं.

"ते मी ठरवलं असतं!"

"तू तं नाईच म्हनत होती..."

"नाई म्हनत होती, कारन तुमच्या तोंडून कवा पुरं आयकलंच नाई! तवा ट्रकात चढा म्हटलं, चष्मा म्हटलं, पुढचं नाई सांगतलं. आता लस म्हटलं, ताप नाई सांगतला. तुमचं खरं बी अर्धं आनि खोटं बी अर्धं!"

"चष्म्याचं मलेच कुठं ठावं होतं, बाई? मी बी त्याच ट्रकात..."

"ते ठावं हाय मले. साऱ्यांले ठावं हाय. पन हे तं तुमाले ठावं होतं ना?"

चुलीवरचं आंधण उतू जाऊ लागलं. दोघांनीही ते उतू जाऊ दिलं.

"हो," गोमाजी म्हणाला. "ठावं होतं." मग तो बोलला तो आवाज दवंडीचा नव्हता, राजाचाही नव्हता. "आता पुरं सांगतो. ताप येईन. मागच्यापेक्षा जास्त बी येऊ शकते. मांडी सुजन. पोरगी रडन, तुले झोपू देनार नाई. उद्या दुपारपर्यंत उतरन. आनि पुढच्या महिन्यात पुन्हा, तिसऱ्यांदा. तवा बी येईन. हे सारं करूनही पोरीले दुसरं काई होनार नाई असं मी नाई म्हनत. डांग्या खोकला झाला तं मात्र... पलीकडच्या टोल्यातलं ते लेकरू मी पाहिलं. इमलाएवढं होतं. माह्यापाशी एवढंच हाय. याच्या पुढचं मले बी ठावं नाई."

बेबी चुलीकडं वळली. तिनं आंधण उतरवलं. ती आत गेली. आत डबे वाजले. गोमाजी झोळीची दोरी धरून उभाच होता. झोका द्यायचं त्याला सुचत नव्हतं, त्यामुळं इमला कुरकुरू लागली.

बेबी बाहेर आली ती लुगडं नीट खोचून. तिनं हिरव्या काठाच्या चादरीतून पोरीला उचललं, कडेवर बसवलं, कुंची नीट केली. मग डाव्या हातातला गुळाचा खडा पदराच्या टोकात ठेवला आणि दातांनी ओढून गाठ मारली.

"कुठं चालली वो, बेबी?" गोमाजीनं विचारलं. आठ वर्षं ज्याच्या दवंडीला उलटं उत्तर मिळत आलं, त्याचा आवाज आता इतका बारीक झाला होता की झोपलेली कोंबडीही दचकली नसती.

बेबीनं उंबरा ओलांडला, अंगणातून चालत गेली, आणि शाळेकडच्या गल्लीत उतरली.